हळद लाल का दिसली? फोटोचं एडिटिंग व्हिडिओत नेताना

‘पेट’ची तयारी करणाऱ्या आणि पुढे मल्टिमीडिया, इमेज प्रोसेसिंग किंवा दृक्‌श्राव्य माध्यमांत पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो. “मला फोटोशॉप येतं, थोडं आफ्टर इफेक्ट्स येतं. यात संशोधन करण्यासारखं काय आहे?” मलाही सुरुवातीला वाटायचं की यात काही नाही, सगळी बटणं तर तयार आहेत. मग हळदीने माझं मत बदललं. तीच गोष्ट आज सांगतो, म्हणजे उत्तर आपोआप सापडेल.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमतकडे, हळद म्हणजे घरचा विषय. काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश आणि मग मोंढा. या सगळ्या प्रक्रियेवर दोन मिनिटांचा एक माहितीपट करायचं मी ठरवलं. खरी हळकुंडं हिरव्या पडद्यासमोर शूट करायची, पडदा काढून टाकायचा, मागे आकृत्या आणि आकडे फिरवायचे. मोशन ग्राफिक्स आणि खरं चित्रण एकत्र, म्हणजेच कंपोझिटिंग. व्हिडिओ झाला आणि मी तो मोठ्या हौसेने काकांना दाखवला. त्यांनी तीस-चाळीस वर्षं हळद लावलीय. पाच-सहा सेकंद बघून ते म्हणाले, “ही हळद कुठली रे? लाल कशामुळं दिसायली?”

मला काही लाल दिसत नव्हतं. पण मोंढ्यात हळकुंड मोडून आतला रंग बघतात आणि त्यावर भाव बोलला जातो, हे लक्षात घ्या. त्या माणसाच्या डोळ्याला जो फरक कळतो तो माझ्या मॉनिटरवर बसून मला कळला नव्हता. शेतकऱ्यांना चांगली हळद कशी ओळखायची हे सांगणारा व्हिडिओ, आणि त्यातल्याच हळदीचा रंग चुकीचा. मी तो मागे घेतला आणि शोधायला लागलो की माझ्या हातून नेमकं कुठे काय झालं.

इथे एक गोष्ट आधी समजून घेऊ. गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात जा. वाढदिवसाच्या बॅनरसाठी ऑपरेटर पेन टूल घेऊन माणसाचं ‘कटिंग’ करतो, मागे नवीन बॅकग्राउंड टाकतो, कडा थोड्या मऊ करतो, चेहरा उजळवतो. दहा मिनिटांत काम होतं, आणि चांगलं होतं. आता गिऱ्हाईक म्हणतं, “हेच स्टेटसला व्हिडिओमध्ये करून द्या.” सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाचे १५०० फोटो झाले. काम १५०० पट वाढलं एवढाच याचा अर्थ नाही. फोटोत तुम्ही एक निर्णय घेता आणि तो तिथेच संपतो. व्हिडिओत तोच निर्णय पुढच्या फ्रेममध्येही तसाच टिकावा लागतो. कानाजवळची कड एका फ्रेममध्ये दोन पिक्सेल आत आणि पुढच्या फ्रेममध्ये एक पिक्सेल बाहेर गेली, तर सुटे फोटो म्हणून दोन्ही बरोबर असतील, पण व्हिडिओत ती कड उकळल्यासारखी हलते. संशोधनाची अर्धी जागा या हलण्यातच आहे.

आता कटिंगमागचं गणित बघू, घाबरू नका. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांचा १९८४ चा शोधनिबंध या क्षेत्रात सगळे वाचतात, तुम्हीही वाचा, छोटाच आहे. त्यातली मूळ कल्पना अशी:

दिसणारा रंग = अल्फा × वस्तूचा रंग + (१ − अल्फा) × पार्श्वभूमीचा रंग

अल्फा म्हणजे त्या पिक्सेलमध्ये वस्तू किती भागात आहे. पूर्ण वस्तू असेल तर १, अजिबात नसेल तर ०, केसाच्या टोकाशी ०.३ वगैरे. फोटोशॉपमधला लेयर मास्क म्हणजे हाच अल्फा. आता मोजा. तुमच्याकडे फक्त दिसणारा रंग आहे, म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. काढायचे किती? अल्फा एक, वस्तूच्या रंगाचे तीन, पार्श्वभूमीचे तीन, मिळून सात. तीन समीकरणांत सात अज्ञात शाळेतही सुटत नव्हते. हिरवा पडदा लावला की पार्श्वभूमीचे तीन आकडे कळतात आणि चार अज्ञात उरतात. तरी एक जास्तच. प्रत्येक कीइंगचं सॉफ्टवेअर हा एक अज्ञात कसा तरी अंदाजाने भरतं, आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा. सिनॉप्सिसमध्ये ‘रिसर्च गॅप’ लिहिताना मुलं ओढूनताणून काहीतरी लिहितात. इथे गॅप समीकरणातच बसलीय.

माझ्या हळदीचं काय झालं तेही अशाच एका अंदाजामुळे झालं. हिरव्या पडद्याचा हिरवट उजेड वस्तूच्या कडांवर सांडतो, त्याला स्पिल म्हणतात. तो काढायच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. पहिलीत नियम असा की कुठल्याही पिक्सेलचा हिरवा आकडा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा मोठा असू द्यायचा नाही. दुसरीत तो लाल आणि निळ्यातल्या मोठ्या आकड्यापेक्षा मोठा असू द्यायचा नाही. माणसाच्या गोऱ्या-सावळ्या चेहऱ्यावर पहिली पद्धत बऱ्यापैकी चालून जाते. हळदीवर लावून बघा. समजा हळकुंडाचा पिक्सेल आहे लाल २१५, हिरवा १५०, निळा ३५. लाल आणि निळ्याची सरासरी १२५. म्हणून नियमाने १५० चा हिरवा कापून १२५ केला. पिवळा रंग पडद्यावर मुळात लाल आणि हिरवा मिळूनच बनतो. त्यातला हिरवा कमी केला की तो नारिंगीकडे, पुढे तांबूसकडे सरकतो. काका बरोबर होते. दुसऱ्या पद्धतीत मर्यादा २१५ ची, म्हणून १५० ला धक्काच लागत नाही. पण तिचाही तोटा आहे: पिवळ्या वस्तूच्या कडेवर खरोखर सांडलेला हिरवा उजेडही ती तसाच सोडून देते.

मग फोटो एडिटरची एक साधी सवय कामाला आली. फोटोत आपण कडेचा रंग सुधारतो तेव्हा सगळ्या चेहऱ्याला हात लावत नाही, फक्त कडेची पट्टी निवडतो. तेच इथे केलं. मास्क थोडा आत ओढला, दुसरी प्रत थोडी बाहेर ढकलली, दोन्हींची वजाबाकी केली की कडेभोवती एक बारीक कडं मिळतं. स्पिल काढायची कडक पद्धत फक्त त्या कड्यात लावली आणि आतली हळद जशीच्या तशी ठेवली. यात नवीन काहीच नाही, जुने लोक हे कधीपासून करतात. पण ‘असं का करायचं’ हे आकड्यांत सांगता आलं की ती सवय राहत नाही, ती पद्धत होते. आणि पद्धत तपासता येते.

तुम्ही म्हणाल, मग निळाच पडदा का नाही लावला? बरोबर. हळदीत निळा जवळजवळ नसतोच, त्यामुळे निळ्या पडद्यावर ती ठसठशीत वेगळी होते, आणि हळदीची हिरवी पानंही वाचतात. पुढच्या वेळी मी निळाच लावला. फक्त त्याची किंमत माहीत असू द्या. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरवा उजेड टिपणाऱ्या जागा लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात. त्यामुळे हिरवा चॅनेल सगळ्यात स्वच्छ आणि निळा सगळ्यात कुरकुरीत. उजेड कमी पडला तर निळ्या पडद्यावरची कड जास्त उकळते. म्हणजे शूटिंगला उजेड वाढवावा लागतो, आणि आमच्याकडे दुपारची लाईट जाते ते वेगळंच.

फोटोवरून व्हिडिओकडे येताना मुलं (मीही) हमखास ज्या खड्ड्यात पडतात तो म्हणजे ऑटो लेव्हल्स. फोटोत एक क्लिक आणि फोटो खुलतो. मग डोकं चालतं: सगळ्या १५०० फ्रेम बाहेर काढू, बॅचमध्ये ऑटो लेव्हल्स लावू, परत जोडू. करून बघा एकदा, शिकायला चांगलं आहे. फ्रेममध्ये हात आला की सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ पिक्सेल बदलतात, त्यामुळे प्रत्येक फ्रेमचा हिशोब वेगळा लागतो, आणि व्हिडिओ नाडीसारखा उजळतो-मंदावतो. उपाय सोपा आहे. एक प्रातिनिधिक फ्रेम घ्या, तिच्यावर हाताने लेव्हल्स, कर्व्ह्ज ठरवा, आणि तेच आकडे पूर्ण शॉटला लावा. मोबाईलवर शूट करताना एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. नाहीतर मागे एवढा मोठा हिरवा पडदा बघून कॅमेरा स्वतःच रंग उलट्या बाजूला, जांभळटपणाकडे ढकलतो. माझ्या तांबूस हळदीत त्याचाही हात होता, हे मला नंतर कळलं.

मोबाईलचाच आणखी एक मुद्दा. फोटो काढताना रॉमध्ये काढलात तर १२ किंवा १४ बिटची माहिती मिळते. मोबाईलचा साधा व्हिडिओ बहुतेक वेळा ८ बिटचा असतो, शिवाय त्यात उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची आणि रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एक अशी साठवलेली असते. डोळ्याला कळत नाही, पण कीइंग रंगावरच चालतं, त्यामुळे कड पायऱ्या-पायऱ्यांची येते. सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी फाईल काय आहे ते बघा.

आता थोडं मागे जाऊ. फोटोचं कसब चालत्या चित्रात न्यायचा हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे आले ते छायाचित्रण आणि छपाईच्या धंद्यातून. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं टिपून एक छोटी फिल्म केली होती. आजच्या भाषेत टाइम-लॅप्स: सुटे फोटो, आणि मधल्या वेळेची काटछाट. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये तर ट्रिक फोटोग्राफी भरपूर आहे. त्या काळात अल्फा चॅनेल नव्हता, मग दोन चित्रं एकत्र कशी करायची? एक रस्ता म्हणजे एकाच फिल्मवर दोनदा उजेड पाडणं. फिल्मवर उजेडाची बेरीज होते. काळ्या पडद्यासमोर माणूस उभा केला तर काळ्या जागेतून काहीच उजेड येत नाही, तिथे दुसरं चित्र जसंच्या तसं बसतं. फोटोशॉपमधला ‘स्क्रीन’ किंवा ‘ॲड’ ब्लेंड मोड वापरून काळ्या पार्श्वभूमीवरची आग आपण चित्रावर टाकतो, त्यामागचा विचार तोच.

मात्र एक फरक आहे आणि तो व्हायव्हात विचारला जाऊ शकतो. फिल्मवर खऱ्या उजेडाची बेरीज व्हायची. कॉम्प्युटरवर आपण ज्या आकड्यांची बेरीज करतो ते उजेडाच्या प्रमाणात नसतात, डोळ्याला सोयीचे म्हणून ते वाकवून ठेवलेले असतात, त्याला गॅमा म्हणतात. काळा ० आणि पांढरा २५५ यांचा अर्धा-अर्धा उजेड मिसळला तर नेहमीच्या फाईलमध्ये आकडा १२८ नाही, साधारण १८८ यायला हवा. १२८ घेतला तर मऊ कडा काळपट होतात. बॅनरवर कट केलेल्या माणसाभोवती कधीकधी मळकट रेघ दिसते ना, तिच्यामागे बऱ्याचदा हे असतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये यासाठी वेगळी सेटिंग चालू करावी लागते. फोटोत ती रेघ खपून जाते, हलत्या चित्रात ती वस्तूच्या मागे सावलीसारखी फिरते.

क्लोन स्टॅम्पचंही असंच. फोटोतली विजेची तार पुसायला मिनिट लागतं. व्हिडिओत प्रत्येक फ्रेममध्ये वेगवेगळं पुसलंत तर ती जागा मुंग्या चालल्यासारखी वळवळते. म्हणून एकच फ्रेम नीट पुसायची आणि तोच तुकडा ट्रॅक करून पुढच्या फ्रेमांवर चिकटवायचा. कॅमेरा स्टँडवर स्थिर असेल तर त्याहून छान युक्ती आहे. औंढा नागनाथच्या मंदिराबाहेर गर्दी कधी थांबत नाही. एकाच जागेवरून थोड्या थोड्या वेळाने तीस-चाळीस फोटो घ्या आणि प्रत्येक पिक्सेलची मध्यगा काढा, सरासरी नाही, मध्यगा. चालणारी माणसं एका जागी एक-दोन फोटोंतच असतात, ती गायब होतात आणि रिकामं आवार उरतं. बाजूला निवांत बसलेले आजोबा मात्र जात नाहीत. त्यांच्यासाठी परत क्लोन स्टॅम्प.

२००३ मध्ये पॅट्रिक पेरेझ, मिशेल गांग्ने आणि अँड्रयू ब्लेक यांनी मांडलेली पॉइसन इमेज एडिटिंगची पद्धत तुम्हाला ओपनसीव्हीमध्ये ‘सीमलेस क्लोन’ या नावाने भेटेल. ती रंग चिकटवत नाही, रंगांमधले चढउतार चिकटवते आणि कडेला नव्या जागेशी जुळवून घेते. एका फोटोवर जादू वाटते. हळदीवर मी ती टाळली, कारण जुळवून घेताना ती वस्तूचा मूळ रंगच बदलते. मातीवर ठेवलेलं हळकुंड मातकट होतं. कुठलं तंत्र वापरलं याइतकंच कुठलं का वापरलं नाही हे प्रबंधात लिहा, परीक्षक ते वाचतात.

इथे औंढ्याचीच दुसरी गोष्ट आठवते. तालुक्यात लायगो-इंडिया प्रकल्प होतोय, बांधकामाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २०२३ मध्ये मिळाली. त्यामुळे आमच्याकडच्या बऱ्याच ग्रुपांवर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरून एक होतात तो व्हिडिओ फिरतो, मागच्या ताऱ्यांचं चित्र त्यांच्याभोवती वाकतं तो. काही जण त्याला खरं चित्रण समजतात, काही जण म्हणतात फोटोशॉपचा फिल्टर आहे. दोन्ही चूक. मागचं चित्र वाकवलेलंच आहे, पण किती आणि कुठे वाकवायचं हे प्रकाशाचे मार्ग गणिताने काढून ठरवलंय. लिक्विफाय टूलने मी तसंच दिसणारं काहीतरी अर्ध्या तासात करीन. दिसायला सारखं असेल, पण त्यावरून तुम्हाला काहीही मोजता येणार नाही. माझ्या पहिल्या हळदीच्या व्हिडिओची अडचण हीच होती: तो दिसत होता छान, पण त्यातल्या रंगावर विश्वास ठेवता येत नव्हता.

आता तुमच्या कामाचं. यातून प्रश्न कसा काढायचा? ‘मोशन ग्राफिक्समध्ये फोटो एडिटिंग तंत्रांचा अभ्यास’ असं शीर्षक घेऊन माझ्या मार्गदर्शकांकडे मी एकदा गेलो होतो. त्यांनी एवढंच विचारलं, “यात तू काय बदलणार आणि काय मोजणार?” मला उत्तर देता आलं नाही. आता शीर्षक असं आहे: पडद्याचा रंग आणि स्पिल काढायची पद्धत बदलली तर पिवळ्या शेतमालाच्या रंगात किती फरक पडतो. बदलायच्या गोष्टी दोन. मोजायच्या गोष्टी दोन: मूळ रंगापासूनचं अंतर (डेल्टा ई) आणि स्थिर वस्तूच्या कडेवर अल्फा फ्रेमागणिक किती हलतो ते.

पण अल्फा बरोबर की चूक हे तपासायला खरा अल्फा हवा ना? तो कुठून आणायचा? महागडी लॅब नको. ऑल्व्ही रे स्मिथ आणि जिम ब्लिन यांनी १९९६ मध्ये दाखवलेली युक्ती घरी करता येते. वस्तू आणि कॅमेरा अजिबात न हलवता दोन वेगवेगळ्या रंगांच्या पार्श्वभूमीवर दोन फोटो घ्या, आणि वस्तू उचलून त्याच पार्श्वभूमींचे दोन. चार फोटो झाले. आता सहा समीकरणं आणि चार अज्ञात, गणित सुटतं. मनाने असं समजा: पार्श्वभूमी बदलल्यावर जो पिक्सेल अजिबात बदलत नाही तिथे पूर्ण वस्तू, जो पूर्ण बदलतो तिथे वस्तू नाही, आणि जो तीस टक्के बदलतो तिथे अल्फा ०.७. हिशोब आधी गॅमा काढून, सरळ उजेडाच्या आकड्यांवर करा.

मी ओल्या हळदीचे गड्डे घेतले, मुद्दाम, कारण त्यांच्या बारीक मुळ्या केसांइतक्याच छळतात. सुरुवातीला घोटीव कागद लावला, तो चकाकला आणि आकडे बिघडले. मग साधी कार्डशीट लावली आणि ती गड्ड्यापासून तीन-चार फूट मागे ठेवली, म्हणजे तिचा रंग वस्तूवर सांडत नाही. गड्डा थोडा सरकवायचा, परत दोन्ही रंगांवर फोटो, परत सरकवायचा. असं स्टॉप मोशन करत गेलं की हलत्या चित्राचाही खरा अल्फा मिळतो. कंटाळवाणं आहे. एका सेकंदाच्या २५ फ्रेमसाठी वस्तूचेच ५० फोटो. आईने दोनदा विचारलं की नेमकं काय चाललंय, हळद अशी वाळते का.

सॉफ्टवेअरसाठी पैसे नसतील तर अडू नका. फोटोसाठी गिंप किंवा क्रिता, कंपोझिटिंगसाठी ब्लेंडर किंवा नेट्रॉन, हे सगळं फुकट आहे. मोजमापासाठी पायथन आणि ओपनसीव्ही पुरतं. उलट यांत आत काय चाललंय ते जास्त दिसतं.

नवा व्हिडिओ मागच्या आठवड्यात झाला. निळा पडदा, लॉक केलेला कॅमेरा, स्पिल फक्त कडेच्या पट्टीत. शेजारी खरं हळकुंड ठेवून काकांना दाखवला. त्यांनी एकदा हळकुंडाकडे बघितलं, एकदा स्क्रीनकडे. म्हणाले, “रंग जमला आता. पण मोडताना आवाज कुठंय? वाळलेली हळद कट्‌ असा आवाज करती.” आवाज मी दुसऱ्याच कुठल्यातरी क्लिपमधून लावला होता.